लोणा लागलेल्या भिंतीला पुन्हा सिमेंट लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीच्या गावभागातलं घर, आजोबांनी १९३६ साली बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या दीड विटेच्या भिंती. नव्वदच्या दशकात आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. २०१९ च्या पुरात घरात चार फूट पाणी, पाच दिवस. पुढच्या वर्षी भिजलेला गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेला नवा सिमेंटचा गिलावा केला, आणि २०२१ ला पाणी परत आलं. आता पोपडे सुटताहेत, पांढरी खारट भुकटी, म्हणजे लोणा, फुटते आहे, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात तर विटेत बोट जातं. कंत्राटदार म्हणतो, सगळं खरवडू, तड्यांत इपॉक्सी भरू, पुन्हा सिमेंट मारू, चार फुटांपर्यंत टाइल्स लावू, पावसाळ्याआधी मोकळे. मार्गशीर्षात बहिणीचं लग्न आहे, म्हणून तुम्हालाही घाई. करू का, असं विचारलंय.

नका करू. कंत्राटदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. नव्या आरसीसीच्या घराला जे औषध लागू पडतं तेच तो तुमच्या घराला देतोय, एवढंच.

ही चूक मी स्वतः करून बसले आहे. वाईतल्या एका घराची मागची भिंत होती, उघड्या विटांची. दरजा, म्हणजे विटांमधले चुन्याचे सांधे, पोकळ झालेल्या, नखाने चुना भुरभुर गळायचा. मी नवीन इंजिनिअर, माझ्या डोक्यात भक्कम म्हणजे सिमेंट. सगळ्या दरजा कोरून एकास तीन सिमेंटने भरून घेतल्या, वर झोकदार रेघा ओढल्या. आठ वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेले तेव्हा मालकीणबाईंनी हाताला धरून मागे नेलं. माझ्या सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या आणि मधल्या विटा पेरभर आत गेल्या होत्या. खिडकीला जाळी बसवावी तशी सिमेंटची चौकट पुढे, मागे विटांचे खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी चिमूटभर लाल भुकटी. बाई काहीच बोलल्या नाहीत. माझ्यासोबतचा म्हातारा गवंडी बोलला, “मॅडम, दरज इटेपेक्षा कडक झाली की ईट मरती.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. जुन्या विटेची भिंत ठणठणीत कोरडी कधीच नसते. जमिनीतून, पावसातून, हवेतून थोडं पाणी आत येतं आणि जिथून सोपं पडेल तिथून वाफ होऊन बाहेर जातं. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते, म्हणून पाणी तिच्यातून बाहेर पडतं. पाणी जातं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना छिद्रांना आतून ढकलतात आणि चुना झडतो. पन्नास-साठ वर्षांनी दरज पुन्हा भरायची, वीट शाबूत. दरजेत सिमेंट भरलं की पाण्याचा तो मार्ग बंद होतो. मग पाणी विटेतून निघतं, स्फटिक विटेत वाढतात आणि झडते ती वीट. दरज बदलता येते, वीट बदलणं महाग पडतं. आणि सिमेंट स्वतःसुद्धा थोडे विरघळणारे क्षार भिंतीला देतं, ते वेगळंच.

तुमच्या भागात हे समजावायला भिंतीची गरज नाही. शिरोळ, मिरज, पलूसकडच्या उसाच्या शेतात जाऊन बघा. पाणी जास्त झालं, निचरा नाही, खालचं पाणी केशाकर्षणाने वर येतं, उन्हाने उडून जातं आणि वर पांढरा थर ठेवतं. जमीन क्षारपड होते. भिंतीला लोणा लागणं म्हणजे उभं क्षारपड शेत. क्षारपड शेतावर कोणी फरशी घालत नाही. शेतकरी चर खणतो, पाइप टाकतो, आधी निचरा करतो. घराचंही तेच.

टाइल्सचं म्हणाल, तर ओल टाइल बघून परत फिरत नाही. चार फूट झाकलेत की ती पाचव्या फुटावर बाहेर पडते. फोटोत तुमच्या देवघराच्या खोलीत आत्ताच ती रेषा रंगाच्या पट्ट्याच्या वर गेलेली दिसतेय. इपॉक्सी हा काँक्रीटच्या तड्यांचा माल आहे. चुन्याच्या मऊ भिंतीत तो दगडासारखा घट्ट गोळा होऊन बसतो आणि त्याच्या शेजारची वीट तुटते. भोकं पाडून रसायन सोडायचे ओलरोधक उपचारही मी अशा भिंतीत करत नाही. जुन्या दरजांत पोकळ्या असतात, रसायन तिकडेच वाहून जातं, अखंड पट्टा तयार झाला की नाही हे कोणालाच कळत नाही. तुमचं काळ्या दगडाचं जोतं हाच मुळात चांगला अडसर आहे. आपल्या बेसाल्टमधून पाणी फारसं चढत नाही. चढतं ते दगडांच्या सांध्यांतून, आणि जोतं मातीखाली गाडलं गेलं असेल तर त्याला वळसा घालून.

इथेच मला तुमच्याकडून माहिती हवी आहे. आजोबांच्या वेळी घरात जायला किती पायऱ्या होत्या आणि आज किती उरल्यात? गावभागातल्या बऱ्याच घरांत तीन पायऱ्यांची एक झालेली असते. पालिका दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर टाकते, रस्ता चढतो, घर जागच्या जागी बुडतं. रस्त्याची पातळी जोत्याच्या डोक्याला टेकली असेल तर विटेचा पहिला थर जमिनीत उभा आहे असं समजा. दुसरं, फोटोत भिंतीला चिकटून पेव्हिंग ब्लॉक दिसताहेत, त्यांच्याखाली काँक्रीट आहे का? असेल तर अंगणातल्या जमिनीतली ओल बाहेर पडायला भिंत सोडून दुसरी जागाच नाही. घरातली शहाबादी काढून व्हिट्रिफाइड टाइल घातली असेल तर आतल्या बाजूनेही तेच. शहाबादीच्या सांध्यांतून जमीन थोडी तरी श्वास घेत होती. तिसरं, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं? मागच्या कोपऱ्यात बोट जातं म्हणालात. दहापैकी सात वेळा अशा कोपऱ्याच्या वर तुटलेली पन्हाळ किंवा भिंतीशीच सोडलेला पाइप असतो. आणि चौथं, त्या कोपऱ्याच्या आसपास पूर्वी गोठा किंवा संडास होता का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

हा चौथा प्रश्न उगाच नाही. शेण-मूत्राच्या जागी नायट्रेटचे क्षार भिंतीत मुरलेले असतात आणि पुराच्या पाण्याने, त्यातल्या गटाराने, भर घातलेली असते. नायट्रेट आणि मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतात. अशी भिंत जुलैत पाऊस थांबलेला असतानाही ओलसर, काळपट दिसते, आणि लोक बिचारे छपरावर गळती शोधत फिरतात. (जुने गवंडी भुकटी जिभेला लावून सांगायचे कुठला क्षार आहे ते. पुराच्या भिंतीवर हा प्रयोग करू नका.)

पाणी कुठून येतंय हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पेन्सिल घ्या. ओलीची कड जिथे आहे तिथे भिंतीवर बारीक रेघ आणि शेजारी तारीख. मे अखेर एकदा, ऑगस्टमध्ये एकदा, दिवाळीत एकदा. सगळ्या भिंतींवर साधारण एकाच उंचीला आडवी रेषा असेल तर पाणी जमिनीतून. खिडकीखाली त्रिकोणी डाग म्हणजे खिडकीच्या पाटाचा उतार आत आहे. वरून खाली निमुळता डाग म्हणजे कौलं, पन्हाळ किंवा पाइप. एक फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने बंद चिकटवून दोन-तीन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा. गिलावा बोटाच्या हाडाने वाजवत जा. जिथे डबडब वाजतो तिथे तो विटेपासून सुटलाय आणि त्याच्यामागे पुराचा गाळ साठलेला असायची शक्यता आहे.

पावसाळ्याआधी जे करायचं ते भिंतीचं नाहीच, पाण्याचं करायचं. पन्हाळी दुरुस्त करा, उताराचा पाइप भिंतीपासून निदान पाच-सहा फूट लांब न्या. भिंतीलगतचा दोन फूट पट्टा पेव्हिंग ब्लॉक काढून मोकळा करा. तिथे चर खणून खाली छिद्रांचा पाइप, उतार घराच्या उलट दिशेला, वर धुतलेली खडी. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये, आणि अख्खी लांबी एकदम उघडायची नाही. सहा-आठ फुटांचा तुकडा खणा, भरा, मग पुढचा. जोत्याचा दगड निदान अर्धा फूट उघडा दिसायला हवा. रस्त्याच्या बाजूला तुम्हाला हे करता येणार नाही, तिथे आपल्या हद्दीत भिंतीलगत अरुंद नाली आणि तिला जाळी, इतकंच जमेल.

आतला सुटलेला सिमेंटचा गिलावाही आत्ताच काढायला घ्या. आत पाऊस येत नाही. बाहेरचा ऑक्टोबरपर्यंत राहू द्या, नाहीतर पावसाचा मारा थेट मोकळ्या दरजांवर. ओलीच्या वरच्या कडेपासून दीड फूट वरपर्यंत काढा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. तिच्या हादऱ्याने जुना चुना विटेपासून सुटतो. छिन्नी आणि हलका हातोडा, छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर. जिथे सिमेंटने विटेला इतकं घट्ट धरलंय की ओढल्यावर विटेचा पापुद्रा सोबत येतोय, तिथे थांबा. तो तुकडा राहू द्या, एखाद्या हंगामात स्वतःहून सुटेल.

त्याआधी एक तपासणी, आणि ही चुकवू नका. बोट जातं त्या कोपऱ्यातून दोन विटांमधला माल चार इंच आतून काढा. लिंबाएवढा खडा पाण्याच्या पेल्यात टाका. चुन्याचा असेल तर अर्ध्या तासाने जवळपास तसाच राहील, बोटांनी चोळल्यावर पांढरे कण दिसतील. गढूळ होऊन तळाशी बसला तर भिंतीच्या पोटात माती आहे. बाहेरच्या दरजा चुन्याच्या आणि आत पांढरी माती, अशी घरं तुमच्याकडे पुष्कळ आहेत. आणि पूर ओसरल्यावर, ऊन पडल्यानंतर अचानक बसली ती बरीचशी हीच. तसं निघालं, किंवा भिंतीने कुठे पोट काढलेलं असेल, दाराच्या चौकटीवर तिरका तडा असेल, तर गिलाव्याला हात न लावता आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तुळयांना टेकू द्या. जुना गिलावा कधी कधी भिंतीला बांधून ठेवत असतो. पुढचं सगळं पोटात चुना आहे असं धरून लिहितेय.

गिलावा निघाला की भिंत उघडी ठेवायची, आणि लोक नेमके इथे मोडतात. गवंड्यांचा ठोकताळा असा की भिजलेली भिंत इंचाला महिना घेते. दीड वीट म्हणजे साधारण चौदा इंच. दोन्ही बाजू उघड्या असतील तर सात-आठ महिने, एक बाजू सिमेंटने झाकलेली असेल तर वर्षाच्या वर. हवा, ऊन, खिडक्या यांवर कमी-जास्त होतं, पण “पंधरा दिवस पंखा लावला, वाळली” हे होत नाही. पंख्याने वरचं अर्धा इंच वाळतं आणि त्यावर गिलावा बसतो. २०२० मध्ये तुमच्याकडे हेच झालं असणार. आणि ब्लोअर, हॅलोजन लावून घाईघाईने वाळवू नका. पाणी वेगाने ओढलं की क्षार पृष्ठभागाच्या लगेच मागे साठतात आणि विटेचं तोंडच उडतं. खिडक्या उघड्या, कपाटं भिंतीपासून चार इंच लांब, बस्स.

वाळताना भिंत लोणा बाहेर टाकेल. कापसाच्या तंतूंसारखी पांढरी लव दिसली की आनंद माना, क्षार बाहेर येतोय. कोरड्या कुंच्याने झाडा, खाली कागद धरा, उचलून घराबाहेर टाका. भिंतीच्या पायथ्याशी लोटून ठेवलात तर पहिल्या ओलीबरोबर तोच वर चढतो. पाण्याने धुऊ तर अजिबात नका. धुतल्याने भिंत छान दिसते कारण क्षार विरघळून पुन्हा आत गेलेला असतो. फारच माखलेल्या भागाला लेप लावतात. मुलतानी माती, बारीक वाळू आणि भिजवून कुटलेला कागदाचा लगदा, कालवायला शुद्ध पाणी. बोअरचं नको, तुमच्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी स्वतःच खारट असतं. बोटभर जाडीचा थर दाबून लावायचा, हळूहळू वाळू द्यायचा. तो तडकून सुटू लागला की क्षार ओढून घेऊन उतरतो. असं दोन-तीनदा. देवघराच्या भिंतीला एवढं पुरेल. मागच्या कोपऱ्याला पुरणार नाही, तिथल्या विटाच बदलाव्या लागतील.

विटा कशा निवडायच्या? छिन्नीच्या मुठीने टकटक करा. खणखणीत वाजली ती जगली. बद्द वाजली, कोपरा बोटाने चुरला, ती गेली. नुसतं तोंड झडलं असेल तर वीट अलगद काढून उलटी फिरवून बसवा, मागचं तोंड नव्वद वर्षांत कोणी पाहिलेलं नसतं. एका वेळी एकच वीट. शेजारच्या दोन विटा लागोपाठ काढायच्या नाहीत, एक सोडून एक, आणि पहिल्या बसून घट्ट झाल्यावर मधल्या. काढताना विटेवर घाव घालायचा नाही, खालच्या-वरच्या दरजेत बारीक ड्रिलने ओळीने भोकं पाडून माल मोकळा करायचा. नवी वीट रात्रभर भिजवून, पाणी निथळवून घ्या. वरच्या दरजेत माल ठासून भरणं हे या कामाचं मर्म. तिथे पोकळी राहिली तर वरचा भार शेजारच्या विटांवर जातो. आमचा गवंडी तिथे मंगलोरी कौलाच्या पातळ चिपा ठोकून बसवतो. आता बाजारात मिळणाऱ्या विटांचं माप तुमच्या जुन्या विटेशी जुळेलच असं नाही, म्हणून पाडलेल्या घराच्या विटा शोधा. पण पुरात बुडालेल्या घराच्या नकोत, नाहीतर दुसऱ्याचा लोणा विकत आणाल.

आता चुना. दुकानात पिशवीतली चुन्याची पावडर मिळते, ती ताजी असेल तर चालते, पण महिनोन्‌महिने पडून असलेली पावडर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन आधीच निम्मी खडू झालेली असते. त्यापेक्षा कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले न विरलेले खडे, आणा. भरपूर पाण्यात थोडा थोडा चुना सोडायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो खदखदतो, उकळतं पाणी उडतं. चष्मा, हातमोजे, आणि घरातली पोरं त्या बाजूला फिरकता कामा नयेत. चुना डोळ्यात गेला तर नळाखाली डोळा धरून बराच वेळ धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या. मुरलेला चुना थापीवरून लोण्यासारखा सरकतो, हाताला खडा लागत नाही.

हा पांढरा शुद्ध चुना, आयएस ७१२ या मानकातला ‘सी’ वर्गाचा, हवेतूनच घट्ट होतो. ओलसर भिंतीत, आत खोल, त्याला हवा मिळत नाही आणि तो मऊच राहतो. म्हणून त्यात सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. ती चुन्याशी पाण्यातही बांधली जाते. पण सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. भट्टीत जळून काळपट झालेल्या खंगर विटेची भुकटी नुसती वाळूसारखी पडून राहते, चुन्याशी जुळत नाही. दरजांसाठी मी एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू घेते, मापाने, वजनाने नव्हे. नदीची वाळू आता सरळ मार्गाने मिळणं कठीण, दगडाची क्रश सँड चालेल, पण तिची धूळ चाळून आणि धुऊन काढा. त्या धुळीनेच चुना तडकतो. आधी एक चौरस फुटाचा नमुना भरून तीन आठवडे बघा, मग भिंतीला हात घाला.

“गूळ किती, बेलफळ किती, उडीद घालायचे का?” हा प्रश्न मला प्रत्येक कामावर येतो. हिरडा-गुळाचं पाणी जुने लोक घालत, त्याने माल पसरायला सोपा होतो आणि तडे कमी जातात. मीही थोडं घालते. पण जास्त गुळाने चुना घट्टच होत नाही, वर मुंग्या आणि बुरशी फुकट. जुन्या भिंती टिकल्या त्या चांगल्या मुरलेल्या चुन्यामुळे, चुना दळायच्या घाणीवर तासन्‌तास मळलेल्या मालामुळे आणि वर नीट राखलेल्या छपरामुळे. पाककृती सगळ्यांना हवी असते, मळायला कोणी तयार नसतं.

दरज भरताना जुनी दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल कोरा. अर्ध्या इंचाच्या दरजेला इंचभर. ग्राइंडर नाही, ती चकती विटेची कड खाते आणि मग दरज कायमची रुंद. दरजेपेक्षा अरुंद छिन्नी लागते, नाही मिळाली तर लोहाराकडून पट्टी ठोकून घ्या. धूळ कुंच्याने झाडा, फवाऱ्याने दरज ओलसर करा, पाणी ओघळता कामा नये. माल कोरडसर, मुठीत दाबला तर गोळा राहील एवढाच ओला. अर्धा-अर्धा इंच थर, अरुंद थापीने मागे दाबत. शेवटी विटेच्या कडेच्या किंचित आत ठेवायचा, विटेवर फासायचा नाही. अंगठा दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की काथ्याच्या कडक कुंच्याने टोचत जायचं. वरची गुळगुळीत साय फुटते, कण उघडे पडतात आणि भिंतीला श्वास घ्यायला जागा होते. त्यावर ओलं गोणपाट, आठ-दहा दिवस दिवसातून तीन-चार वेळा फवारा. नळीने पाणी मारायचं नाही. एक गवंडी दिवसात नीट केली तर वीस-पंचवीस चौरस फूट भिंत भरतो. याच्या तिप्पट करून दाखवणारा तुम्हाला भेटेल, त्याच्या दरजेत खिळा घालून बघा, मागे पोकळ असेल.

हे काम नोव्हेंबर ते जानेवारी. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात चुना वाळून जातो, घट्ट होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

गिलावाही चुना-सुरखीचाच, दोन थरांत, एकेक बोटभर, पहिला नीट आवळल्यावर दुसरा. जमिनीला टेकवायचा नाही, दोन-तीन इंच वर थांबवा, ती फट लाकडी पट्टीमागे लपते. वर वॉल पुट्टी, ऑइलपेंट, प्लास्टिक इमल्शन काहीही नको. चुन्याची सफेदी, दुधाएवढी पातळ, चार-पाच हात. पीओपीचं नाव खालच्या पाच फुटांत काढू नका, ते पाण्याने मऊ होतं आणि स्वतःच सल्फेट आहे. विजेचे स्विच आणि वायरिंग वर न्यायची संधी याच वेळी साधा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी गेलं ५७ च्या वर. ते परत येणार नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. चुन्याची भिंत पुन्हा भिजेल आणि पुन्हा वाळेल, एवढंच सांगू शकते.

राहता राहिलं लग्न. वरच्या हिशेबाने खरं काम पुढच्या वर्षीच्या थंडीत येतं आणि यंदा मार्गशीर्षात घर विटा दाखवत उभं असणार, हे आईंना आवडणार नाही, कळतंय मला. त्यावर तोडगा आहे. क्षार ओढून घ्यायला आम्ही मुद्दाम एक कच्चा गिलावा मारतो. एक भाग चुना, चार भाग वाळू, सुरखी नाही, जेमतेम अर्धा इंच. तो टिकण्यासाठी नसतोच, भिंतीतला लोणा स्वतःच्या अंगावर घेऊन झडण्यासाठी असतो. ऑक्टोबरच्या शेवटी पुढच्या तीन खोल्यांना तो मारा, वर सफेदीचे दोन हात, हवं तर सफेदीत चिमूटभर नीळ. चुन्यावरचा तो निळसर पांढरा फोटोत सुरेख येतो. मागचा कोपरा मात्र उघडाच ठेवा. तिथे तसंही आचाऱ्यांची भांडी लागतील. पाहुणे गेले की वर्षभर तो गिलावा फुगू दे, झडू दे, कोणी हळहळू नका. पुढच्या दसऱ्यानंतर खरवडून, पोत्यात भरून घराबाहेर काढा आणि मग दरजा भरायला घ्या.

पायऱ्यांचं तेवढं विचारून कळवा. आणि पन्हाळीखालचा फोटो टाका, शक्यतो पहिल्या मोठ्या पावसात काढलेला.